ट्रॉफीआधी हमीपत्र वाच

वोलोंगाँग,
गुरुवार, रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बास्केटबॉल क्लबच्या कचेरीतली नोकरी चालून आली आहे, बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे, आणि तुझं मन मात्र तिकडेच ओढ घेतंय. शेवटी विचारलं आहेस, "काका, क्लब टिकणारा आहे की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं?" हा प्रश्न सही करायच्या आधी सुचला, याचा मला फार आनंद झाला. मी ना खेळाडू, ना प्रशिक्षक. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला आणि त्यातली बरीच वर्षं या गावात. म्हणून सल्ला देण्याआधी आमच्या गावच्या क्लबची हकीकत सांगतो. ती नीट वाच, कारण मला जे सांगायचंय ते तिच्यातच आहे.

क्लबचं नाव इलावारा हॉक्स. इलावारा म्हणजे वोलोंगाँगच्या आजूबाजूचा सगळा परिसर. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय बास्केटबॉल लीग १९७९ साली दहा क्लब घेऊन सुरू झाली. त्या दहांपैकी एकही हंगाम न चुकवता आजपर्यंत खेळलेला क्लब एकच, आमचा. पहिल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सेंट किल्डाने कॅनबेरा कॅनन्सना ९४-९३ असं एका गुणाने हरवलं. सेंट किल्डा आज लीगमध्ये नाही. कॅनबेराने पुढे तीनदा विजेतेपद जिंकलं, तरी २००३ साली गाशा गुंडाळावा लागला. लीगमध्ये खेळायचा त्यांचा परवाना आधी न्यूकॅसलला गेला, तिथून थेट सिंगापूरला. ब्रिस्बेनचा संघसुद्धा त्या दहांपैकीच, पण २००८ ते २०१६ तो बाहेर होता. आणि आमच्या हॉक्सच्या कपाटात इतक्या वर्षांत ट्रॉफ्या किती? दोन. एक २००१ची, एक २०२५ची. तीन ट्रॉफ्यांचा क्लब गेला, दोन ट्रॉफ्यांचा राहिला. आता कळलं असेल की मी ट्रॉफ्यांवरून क्लब का जोखत नाही.

गाव कसं ते आधी समजून घे. सिडनीपासून दक्षिणेला ऐंशी किलोमीटर. एका बाजूला डोंगराची सरळ उभी भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती. दक्षिणेला पोर्ट केम्बलाचा पोलाद कारखाना, डोंगराच्या पोटात कोळशाच्या खाणी. तू इचलकरंजीची आहेस, पाळीच्या भोंग्यावर चालणारं गाव काय असतं हे तुला सांगायला नको. इथेही तसंच होतं. युरोपभरातून माणसं पोलादाच्या कामाला आली, इथेच रुजली, आणि शनिवारी रात्री सगळी एका हॉलमध्ये जमायची. बीटन पार्कमधला तो हॉल. लोक त्याला 'स्नेकपिट' म्हणायचे, सापांची खाई. छोटा, कोंदट, आणि मैदानाला इतका चिकटून की पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर बाजूच्या रेषेला लागावेत. पाहुण्या संघांना तिथे खेळायला नको वाटायचं. १९९८मध्ये क्लब समुद्रकाठच्या मोठ्या हॉलमध्ये गेला, नावही वोलोंगाँग हॉक्स झालं, आणि २००१मध्ये ब्रेंडन जॉइस प्रशिक्षक असताना अंतिम मालिकेत टाउन्सव्हिलला २-१ हरवून पहिलं विजेतेपद मिळालं. टाउन्सव्हिलचा क्लब २०१६ साली बंद पडला, हेही जाता जाता लक्षात ठेव.

आता २००९ सालावर ये. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर या वर्षात आहे.

लीगची अवस्था त्या सुमारास वाईट होती. २००८ मध्ये सिडनी गेली, ब्रिस्बेन गेलं, सिंगापूर गेलं. २००९चं विजेतेपद मेलबर्नच्या साउथ ड्रॅगन्सनी जिंकलं, आणि गतविजेत्यांनीच पुढच्या हंगामातून अंग काढून घेतलं. लीगने नवी घडी बसवायला घेतली आणि क्लबांना सांगितलं, खेळायचं असेल तर दहा लाख डॉलरची बँक हमी आणा.

तू कधी बँकेचं हमीपत्र हातात घेतलं आहेस का? मी नोकरीत शेकड्यांनी हाताळली. दिसायला साधा कागद. वर बँकेचं नाव, खाली दोन सह्या आणि शिक्का. मधल्या मजकुरात सहसा एक ओळ असते: मागणी होताच, कोणतीही अट न घालता, बँक ही रक्कम देईल. 'कोणतीही अट न घालता' या शब्दांत सगळं आलं. क्लब बुडाला, पगार थकले, तर लीग तो कागद बँकेपुढे ठेवणार आणि बँक पैसे मोजणार. बँक ते स्वतःच्या खिशातून देत नाही. ज्याने हमी दिली त्याची ठेव किंवा मालमत्ता आधीच अडकवून ठेवलेली असते. म्हणजे ज्याचं नाव त्या कागदामागे आहे, त्याने आपली चीजवस्तू गहाण टाकून म्हटलेलं असतं की हा क्लब माझा. प्रेम सगळेच सांगतात. त्या कागदामागे कोण उभं आहे ते बघायचं.

पोलादाच्या गावातल्या छोट्या क्लबला दहा लाख कुठून येणार? 'सेव्ह द हॉक्स' मोहीम सुरू झाली आणि कप्तान मॅट कॅम्बेल स्वतः तिच्यात पुढे राहिला. खेळाडूने सराव सोडून गावकऱ्यांपुढे उभं राहायचं आणि आमचा क्लब वाचवा म्हणायचं, याला किती हिंमत लागते याचा विचार कर. माझ्या कचेरीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत याशिवाय दुसरं बोलत नव्हती. मी तोवर एकही सामना पाहिला नव्हता. पण दुपारच्या पाळीहून आलेली, हातावरचं काळं अजून न गेलेली माणसं क्लबसाठी खिशात हात घालताना पाहिली, आणि त्या वर्षी मी हंगामाचं तिकीट घेतलं. ते आजतागायत सोडलेलं नाही.

हमी शेवटच्या घटकेला आली, आणि ती दिली एका भारतीय माणसाने. कोलकात्याच्या गुजरात एनआरई कंपनीचे अरुण जगतरामका. इथल्या डोंगरातल्या जुन्या कोळसा खाणी त्यांच्या कंपनीने घेतल्या होत्या. ज्या गावातून कोळसा काढतो त्या गावच्या क्लबमागे ते दहा लाख डॉलर घेऊन उभे राहिले. इथल्या आपल्या लोकांना त्या आठवड्यात काय वाटलं, शब्दांत सांगता येणार नाही. दुकानात, बसमध्ये अनोळखी माणसं आमच्याशी आपणहून बोलायची. आणि पुढच्याच हंगामात, ज्याचं अस्तित्वच टांगणीला लागलं होतं तो संघ गॉर्डी मॅक्लाउडच्या हाताखाली थेट अंतिम फेरीत गेला. पर्थकडून १-२ हरला, पण गेला.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण तू कामाला निघाली आहेस, तुला पुढचंही कळायला हवं. कोळशाचे दिवस फिरले. गुजरात एनआरईच्या इथल्या खाणी २०१३ मध्ये जिंदालांच्या ताब्यात गेल्या. एकाच उद्योगावर टेकलेल्या क्लबला त्या उद्योगाची सर्दी झाली की न्यूमोनिया होतो. २०१५च्या सुरुवातीला हॉक्स प्रशासकाच्या हवाली झाले, म्हणजे देणी फेडता येतील का हे ठरवायला तिसरा माणूस आत येऊन बसला. दूरसंचार व्यवसायातले जेम्स स्पेन्सली यांनी तेव्हा क्लब तारला, इलावारा हे नाव परत आलं, २०१७मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि पुन्हा पर्थने हरवलं. जगतरामकांना मी यात दोष देत नाही. ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी ते उभे राहिले. धडा वेगळा आहे: हमीदाराचा धंदा कोणता, तो कशाने बुडू शकतो, हेही विचारायचं असतं.

मग आलं २०१९. तू तेव्हा शाळेत होतीस, पण लामेलो बॉलचे व्हिडिओ तू नक्की पाहिले असणार. अठरा वर्षांचा अमेरिकन पोरगा, एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये जाण्याआधी एक हंगाम आमच्याकडे आला. लीगची 'नेक्स्ट स्टार्स' नावाची योजना आहे. तिच्यात खेळाडूचा करार क्लबशी नसतो, लीगशी असतो. लीग पैसे देते आणि पोरगा क्लबकडे खेळतो. त्याच्यामुळे सिडनीतल्या सामन्याला सतरा हजारांवर माणूस लोटला. हातात चेंडू आला की तो मान दुसरीकडे वळवायचा आणि पास तिसरीकडे जायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बचाव करणारा खेळाडू खरोखर हवेत हात मारत राहायचा. बारा सामने खेळला, पायाला दुखापत झाली, गेला. पुढच्या वर्षी एनबीएच्या निवडीत तिसरा क्रमांक. आणि क्लब? त्या हंगामात अठ्ठावीसपैकी पाच सामने जिंकले, तळाला राहिला, आणि २०२० मध्ये क्लब चालवणारी कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवायला तिचा गाशा गुंडाळायला घेतला. ज्या वर्षी जगाने आमच्या क्लबचं नाव पहिल्यांदा ऐकलं, त्याच वर्षी क्लब बुडाला.

एका खेळाडूला बघायला आलेली गर्दी आणि क्लबची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाळ. तुझ्या पत्रात त्या क्लबच्या फॉलोअर्सचा आकडा दोनदा आलाय, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. हंगामाची तिकिटं सलग तिसऱ्या वर्षी घेणारी माणसं किती, हे विचार. तो आकडा तुझ्या पत्रात कुठेच नाही.

नवे मालक आले आणि त्यांनी एक चूक केली, नावातून इलावारा काढलं. नुसतं 'द हॉक्स'. मोठ्या बाजारात गावाचं नाव आड येतं असा विचार असावा. गाव पेटून उठलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसतात, पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीवर आयुष्य काढलेले, बीटन पार्कच्या दिवसांपासून येणारे. त्यांनी नव्या जर्सीला हात लावला नाही. जुनी, काखेत उसवलेली जर्सी पत्नीकडून शिवून घेतली आणि हंगामभर तीच घातली. छातीवरची इलावाराची अक्षरं तडकून निम्मी गळाली होती. २०२१ साली मालकांनी ऐकलं आणि नाव परत आलं. चूक मान्य करून मागे फिरले हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

त्यानंतर २०२२-२३चा हंगाम: तीन विजय, पंचवीस पराभव. बघवत नव्हतं. पुढच्या हंगामाची सुरुवातही तशीच, प्रशिक्षक बदलला आणि जस्टिन टेटम यांना तात्पुरतं म्हणून बसवलं. ते तात्पुरते राहिले नाहीत. मार्च २०२५ मध्ये मेलबर्न युनायटेडविरुद्ध अंतिम मालिका २-२ वर आली आणि पाचवा सामना आमच्या हॉलमध्ये झाला. ११४-१०४, आम्ही जिंकलो. आमचा खेळाडू टायलर हार्वे २०२०पासून, म्हणजे नाव गेलं तेव्हापासून इथेच होता, तळाचा हंगामही त्याने याच जर्सीत काढला. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मेलबर्नच्या डेलाव्हेडोव्हाचं नाव पुकारलं गेलं, हरलेल्या संघातला माणूस! आमच्याकडे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शेजारचे गृहस्थ उठलेच नाहीत. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून मैदानाकडे बघत बसले होते, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की त्यांचं अंग थरथरतंय. चोवीस वर्षांनी ट्रॉफी आली होती.

आता तुझ्या नोकरीचं. माझ्या मते तू जावंस. बाबांशी मी बोलेन. पण सही करायच्या आधी त्यांच्या व्यवस्थापकांना मोकळेपणाने विचार: लीगला दिलेली हमी कुणाच्या नावावर आहे? हॉलचं भाडं कुणाला आणि किती वर्षांच्या कराराने जातं? गेल्या हंगामात पगार किती तारखेला झाले? हे विचारल्याने कुणी रागावलं तर तो राग हेच उत्तर समज. आणि पहिल्या महिन्यात प्रायोजकांच्या जेवणाला जाण्याआधी तिकीट खिडकीत बसायची परवानगी माग. तिथे कोण येतं, कोण मुलाला घेऊन येतं, कोण मागच्या आठवड्यातला पराभव विसरलेला नाही, हे चार सामन्यांत कळतं. मॅट कॅम्बेलने २००९मध्ये ज्यांच्यापुढे उभं राहून मदत मागितली, ती अशीच माणसं होती. पुढे तोच कॅम्बेल क्लबचा व्यवस्थापक झाला.

मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद मिळाले तर मला पाठव, फोटो काढून पाठवलेस तरी चालेल. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, दोघं मिळून ओळीने बघू. देण्यांच्या बाजूपासून सुरुवात करू.

आईला नमस्कार.

तुझा,
काका