भाड्याची गाडी परत केली, तरी कार्डावरची वसुली थांबेना

प्रश्न : मे महिन्यात मी, माझे पती आणि सासू-सासरे असे चौघे इटलीला गेलो होतो. सासूबाईंना फार चालणे झेपत नाही, म्हणून रोमच्या विमानतळावर भाड्याने गाडी घेतली, फ्लॉरेन्सला मुक्काम केला आणि पुढे मिलानच्या विमानतळावर गाडी परत केली. बुकिंग भारतातूनच एका संकेतस्थळावर केले होते आणि भाडे आगाऊ भरले होते. करार व क्रेडिट कार्ड माझ्या नावावर आहे आणि गाडीही मीच चालवली. परतीच्या पहाटे काउंटर उघडलेला नव्हता. तिथल्या सूचनेप्रमाणे किल्ली पेटीत टाकून आम्ही विमान गाठले. घरी आल्यावर काही दिवसांनी कार्डावर ३८५ युरो पडले. विचारणा केली तेव्हा ‘पुढच्या उजव्या चाकाच्या रिमवर ओरखडे’ असे एका ओळीचे उत्तर आले. त्यानंतर इंधनासाठी ६२ युरो आणि पाठोपाठ ‘प्रशासकीय शुल्क’ म्हणून ४९ युरो दोनदा वसूल झाले. एकाही वसुलीसाठी ओटीपी आला नाही. बँकेच्या शाखेत ‘तुम्ही करारावर सही केली आहे, आम्हाला काही करता येणार नाही’ असे सांगितले गेले. हे पैसे परत मिळतील का? कार्ड बंद करून टाकावे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : एकूण ५४५ युरो गेले, हे पाहून संताप येणे स्वाभाविक आहे. तरीही कंपनीला किंवा बँकेला लिहिताना ही रक्कम एकत्र मांडू नका. तुमच्या कार्डावरच्या चार नोंदींमागे तीन वेगवेगळी कारणे आहेत, त्यांचे पुरावे वेगळे आहेत आणि पैसे परत मिळण्याची शक्यताही सारखी नाही. ‘सगळेच पैसे चुकीचे घेतले’ अशी सरसकट तक्रार केली, तर कंपनी त्यातली एक रक्कम योग्य असल्याचे दाखवून संपूर्ण तक्रार निकालात काढते. म्हणून प्रत्येक रकमेचा कागद स्वतंत्र मागावा आणि ज्या रकमेला कागद नाही, तिच्यासाठी नेटाने भांडावे.

आधी ४९ युरोंच्या दोन नोंदी पाहू, कारण त्यांच्यामागे पुढचा खर्च दडलेला आहे. इटलीतील फ्लॉरेन्स, रोम, पिसा अशा अनेक शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. परवानगी नसलेली गाडी ठरलेल्या वेळेत आत शिरली की वेशीवरचा कॅमेरा तिचा नंबर टिपतो. तिथे ना बॅरिकेड असते ना हवालदार, त्यामुळे आपण नियम मोडला हे चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. नंबर भाड्याच्या गाडीचा निघाला, की तिथले पोलीस कंपनीला चालकाचे नाव-पत्ता विचारतात. ही माहिती कळवण्याबद्दल कंपनी जे शुल्क घेते, ते हे ४९ युरो असावेत. तो दंड नव्हे. दंडाची नोटीस तिथली पालिका तुम्हाला वेगळी पाठवेल. कॅमेऱ्यासमोरून प्रत्येक वेळी आत जाणे हा सहसा स्वतंत्र गुन्हा धरला जातो, त्यामुळे शुल्क दोनदा लागले असेल तर नोटिसाही दोन येतील अशी तयारी ठेवा. पोस्टखर्च धरून एका नोटिशीचा आकडा शंभर युरोंच्या आसपास जाऊ शकतो.

परदेशात राहणाऱ्या चालकाला नोटीस पाठवण्यासाठी इटलीच्या वाहतूक कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती केव्हाही येऊ शकते. करारावर तुमचा पत्ता सेक्टर, प्लॉट क्रमांक आणि पिनकोडसह पूर्ण लिहिलेला आहे ना, हे आजच तपासा. परदेशी रजिस्टर्ड पत्र सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिले, तरी नुकसान तुमचेच होते, कारण नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत रक्कम भरली तर ३० टक्के सवलत मिळते. पूर्ण रक्कम भरायला ६० दिवस असतात. आक्षेप घ्यायचा असेल तर तिथल्या प्रेफेक्टकडे (प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे) ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, पण तो फेटाळला गेला तर रक्कम किमान दुप्पट होते, आणि एकदा दंड भरला की आक्षेपाचा मार्ग बंद होतो.

फ्लॉरेन्समधले तुमचे हॉटेल त्या क्षेत्राच्या आत होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल, तर आजच हॉटेलला ईमेल करून मुक्कामाच्या तारखा, गाडीचा नंबर आणि तो नंबर त्यांनी पालिकेला कळवला होता का, हे लेखी मागवा. अशा हॉटेलांना आपल्या पाहुण्यांच्या गाड्यांची नोंद पालिकेकडे करता येते. नोंद झाली असूनही नोटीस आली, तर तो ईमेल तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. हॉटेलचा काही संबंध नसेल आणि नोटिशीतली तारीख, वेळ व जागा तुमच्या प्रवासाशी जुळत असेल, तर दंड भरून मोकळे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण परक्या देशात नियम मोडला असेल, तर ‘इतक्या लांबून कोण वसूल करणार’ हा विचार योग्य नाही. मात्र त्या ४९ युरोंबाबत कंपनीला दोन गोष्टी जरूर विचारा. हे शुल्क करारातल्या कोणत्या कलमात लिहिले आहे? पोलिसांकडून आलेल्या विचारणेची प्रत कुठे आहे? दोन्ही मिळाल्या, तर ती रक्कम परत येण्याची आशा सोडून द्यावी.

खरे भांडण ३८५ युरोंचे आहे. कंपनीकडे या गोष्टी लेखी मागा : गाडी तुमच्या ताब्यात देतानाचा आणि परत घेतानाचा तपासणी तक्ता, रिमचे तारीख-वेळ असलेले मूळ फोटो, दुरुस्तीचे बिल किंवा किमान अंदाजपत्रक, आणि ज्या दरपत्रकावरून हा आकडा काढला ते दरपत्रक. ‘ओरखडे’ हा एक शब्द म्हणजे हिशेब होत नाही. तपासणी नेमकी किती वाजता झाली, हेही विचारा. काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकली, तर कर्मचारी येऊन गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी भाडेकरूवर ठेवणारे कलम बहुतेक करारांत असते, आणि इथे तुमची बाजू थोडी कमकुवत आहे. पण कंपनीने गाडी दोन दिवसांनी तपासली असेल, किंवा दरम्यान कर्मचाऱ्यांनी ती दुसरीकडे हलवली असेल, तर ओरखडा तुमच्याच हातून झाला असे तिला ठामपणे म्हणता येणार नाही.

गाडी घेताना आणि पार्किंगमध्ये सोडताना घरातल्या कोणीतरी फोटो काढलेच असतील. सासऱ्यांनी किल्ली पेटीत टाकतानाचा किंवा सामान उतरवतानाचा फोटो काढला असेल आणि त्यात पुढचे चाक दिसत असेल, तर तोही चालेल. मात्र तो ज्या फोनने काढला, त्याच फोनमधली मूळ फाइल ईमेलला जोडा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवून घेतलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि जागेची नोंद राहत नाही, आणि नेमकी तीच नोंद इथे उपयोगाची असते.

विमा घेतला होता, मग पैसे का, असे तुम्हाला वाटत असेल. भाड्यात धरलेले ‘सीडीडब्ल्यू’ हे संरक्षण सहसा ठरावीक रकमेच्या वरचे नुकसान उचलते, खालचा भार तुमच्यावर राहतो. टायर, रिम, काचा आणि गाडीचा तळ हे भाग तर अनेक करारांत त्यातून वगळलेलेच असतात. तुमच्या प्रवास विम्याच्या पॉलिसीत भाड्याच्या गाडीच्या नुकसानीतील स्वतःच्या वाट्याचे संरक्षण आहे का, हे मात्र पाहा. असल्यास दावा लवकर करा, कारण सूचना देण्याची मुदत कमी असते. बुकिंगच्या संकेतस्थळावर तुम्ही वेगळे ‘पूर्ण संरक्षण’ घेतले असेल, तर ते त्या संकेतस्थळाच्या विमा कंपनीचे असते. तिथे आधी गाडीच्या कंपनीला पैसे द्यावे लागतात आणि मग कागद दाखवून ते परत मागावे लागतात. म्हणजे तोच तपासणी तक्ता आणि तेच बिल तिथेही लागणार.

इंधनाच्या ६२ युरोंचा निकाल सोपा आहे. करारात ‘पूर्ण टाकी घ्या, पूर्ण टाकी द्या’ असे असेल आणि मिलानच्या विमानतळाजवळ तुम्ही टाकी भरली असेल, तर पावती हरवली तरी कार्डाच्या स्टेटमेंटमधली त्या पंपाची नोंद पुराव्याला चालते. टाकी भरली नसेल, तर पेट्रोलच्या किमतीवर भरणावळीचे शुल्क लागणे कराराला धरूनच आहे.

आता बँकेबद्दल. ओटीपी आला नाही, यात बँकेची चूक नाही. साठवलेल्या कार्ड-तपशिलावर परदेशी व्यापाऱ्याने केलेल्या वसुलीला ओटीपीची अट लागू होत नाही, आणि गाडी घेताना आपण नंतरच्या वसुलीला संमती दिलेली असते. म्हणूनच बँकेच्या अर्जात ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ या रकान्यावर खूण करू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकातले तीन कामकाजी दिवसांत कळवण्याचे संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. तुम्ही तसे लिहिलेत, की कंपनी सही केलेला करार पुढे करेल आणि तुमची तक्रार तिथेच संपेल. तुमचे म्हणणे ‘व्यापारी माझ्या ओळखीचा आहे, पण ही रक्कम चुकीची आहे आणि तिचा पुरावा त्याने दिलेला नाही’ असे आहे, आणि ते याच शब्दांत लिहा. शाखेतल्या तोंडी उत्तरावर थांबू नका. कार्ड विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार ग्राहकाने बिलावर हरकत घेतली, तर कार्ड देणाऱ्या बँकेने तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि गरज असल्यास कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. सही केली आहे एवढे सांगून बँक सुटत नाही.

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत चार्जबॅकसाठी, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून रक्कम परत मागण्यासाठी, सर्वसाधारणपणे १२० दिवस मिळतात, पण बँका आपल्या ग्राहकांना त्याहून कमी मुदत देतात, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका. कंपनीला सात-आठ दिवसांची मुदत देणारा ईमेल पाठवा आणि ती उलटताच तो ईमेल जोडून बँकेकडे जा. तोवर बिल थकवू नका. बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली नसेल, तर पूर्ण बिल भरून वाद चालू ठेवावा, कारण कार्डावरचे व्याज वादाच्या रकमेलाही मागे टाकू शकते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा असमाधानकारक दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बुकिंगचे संकेतस्थळ भारतात नोंदलेल्या कंपनीचे असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. ‘सर्व शुल्क समाविष्ट’ असे सांगून त्यांनी गाडी विकली असेल, तर त्यांनाही जाब विचारता येतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करण्याची सोय दिलेली आहे. इटलीतल्या कंपनीविरुद्ध मात्र इथल्या आदेशाची अंमलबजावणी कठीण आहे, तिच्याबाबतीत चार्जबॅक हाच खरा मार्ग.

कार्ड बंद करू नका. बंद केल्याने येणे मिटत नाही, कंपनी ते वसुली संस्थेकडे सोपवू शकते. शिवाय पैसे परत आले तर ते त्याच कार्डावर यायचे असतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुबईला गाडी भाड्याने घेणार आहोत. कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पर्यटक म्हणून तिथे गाडी चालवण्यासाठी भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो ठाणे आरटीओकडून मिळतो. अर्ज नमुना ४अ मध्ये, पासपोर्टच्या प्रतीसह करायचा असतो आणि परवाना एक वर्षापर्यंत चालतो. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिल्यास रक्कम तुमच्या खात्यातूनच अडकून राहते. ‘सालिक’ टोलचे दर जानेवारी २०२५च्या अखेरीपासून वेळेनुसार ४ किंवा ६ दिरहम आहेत. त्यावर कंपनी स्वतःचे किती लावते, हे आधीच लिहून घ्या, कारण टोल आणि वाहतुकीचे दंड नंतर कार्डावरच येतात. मशीनवर ‘रुपयांत द्या’ असा पर्याय आला तर दिरहमच निवडा. बँकेचा परकीय चलन मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा जादा आकार, ३.५ टक्के असला, तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून बोजा ४.१३ टक्के होतो, आणि तिथल्या मशीनचा रुपयांतला दर बहुतेक वेळा त्याहून महाग पडतो.