जीवाणूला बिघडलेला बेस कसा सापडतो?

प्रश्न : माझी मुलगी मिरजेच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. जीवाणूंमधील काही विकरे (एन्झाइम) डीएनएमधले बिघडलेले बेस, म्हणजे डीएनएच्या साखळीतले घटक, हुडकून काढून टाकतात, असे ती सांगते. आमच्या हळदीच्या सौद्यात माल पारखायचा तर हळकुंड मोडून आतला रंग पाहावा लागतो. मग डोळे नसलेल्या विकराला लाखो बेसमधला एकच बिघडलेला बेस कसा कळतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दिलेला दाखला अगदी नेमका आहे, कारण विकरही वरवर पाहून निर्णय घेत नाही. ते बेस साखळीतून बाहेर ओढते आणि मगच त्याची पारख करते.

ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात. त्यांतील सायटोसिन या बेसचा अमिनो गट पाण्याच्या संपर्कात आपोआप गळून पडतो आणि त्याचे युरॅसिल होते. सायटोसिनची जोडी ग्वानिनशी जमते, युरॅसिलची मात्र ॲडेनिनशी. त्यामुळे दुरुस्ती होण्याआधी डीएनएची प्रत निघाली, तर चूक पुढच्या पिढीत कायम होते. हे युरॅसिल काढणारे विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ई. कोलायमध्येच शोधले. डीएनएच्या दुरुस्तीवरील कामासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले.

हे विकर डीएनएवरून सरकत जाते, साखळीचा कणा थोडा दाबून वाकवते आणि युरॅसिल आपल्या खोबणीत वळवून घेते; साखळीत पडलेली फट विकरातील ल्युसिन हे अमिनो आम्ल भरून ठेवते. खरी परीक्षा खोबणीत होते. तेथील ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाचे हायड्रोजन बंध युरॅसिलशी जुळतात, सायटोसिनशी जुळत नाहीत. थायमिन तर युरॅसिलसारखेच असते, फक्त त्यावर एक मिथिल गट अधिक असतो. परंतु त्या गटाच्या जागी टायरोसिन हे आणखी एक अमिनो आम्ल अडून बसलेले असल्याने थायमिनला आत शिरताच येत नाही. डीएनएमध्ये युरॅसिलऐवजी थायमिन का असते, याचे कारणही येथेच असावे असे मानले जाते : युरॅसिल हाच नेहमीचा बेस असता, तर बिघाडातून आलेले युरॅसिल वेगळे ओळखता आले नसते.

खोबणीत बसलेल्या बेसचा शर्करेशी असलेला बंध तुटतो. रिकाम्या जागेपाशी दुसरे विकर कणा कापते, पॉलिमरेज हे विकर समोरचे ग्वानिन वाचून सायटोसिन भरते आणि लायगेज हे विकर साखळी सांधते.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ते म्यूट-वाय हे विकर. ऑक्सिडीकरणाने ग्वानिनचे ८-ऑक्सोग्वानिन झाले, की एरवी म्यूट-एम हे विकर ते काढते. पण प्रत आधीच निघून त्यासमोर चुकून ॲडेनिन येऊन बसले असेल, तर बिघडलेला बेस काढणेच घातक ठरते, कारण समोरचे ॲडेनिन पाहून रिकाम्या जागी थायमिन भरले जाईल. म्हणून म्यूट-वाय रचनेने पूर्ण निर्दोष असलेले ॲडेनिन काढून टाकते. तेथे सायटोसिन आले, की म्यूट-एम आपले काम करू शकते. ही दोन्ही विकरे नसलेल्या ई. कोलायमध्ये ग्वानिनच्या जागी थायमिन येण्याचे उत्परिवर्तन फार वाढते. माणसातही म्यूट-वायचे सगोत्र विकर असते आणि त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास मोठ्या आतड्यात अनेक गाठी होऊन कर्करोगाचा धोका वाढतो, हे २००२ मध्ये दिसून आले.