जुन्या लादीवर दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल लावताना खाली माल किती जाड ठेवावा?

जुनी लादी घट्ट असेल तर सिमेंट-वाळूचा माल नकोच, टाइल अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचं तयार मिश्रण) वापरा. दाबून बसल्यावर थर ३ ते ६ मिमी राहिला पाहिजे. त्यासाठी १० मिमी दात्यांची थापी घ्या. टाइल दाबली की दात्यांनी उठलेल्या अॅडहेसिव्हच्या रेघा मोडून थर साधारण निम्मा होतो. मधूनच एक टाइल उचलून पाठ बघा. कोपरे कोरडे दिसले तर टाइलच्या पाठीलाही अॅडहेसिव्हचा पातळ हात मारा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती धरत नाही आणि पुढे पोकळ वाजू लागते.

लादी काढून थेट स्लॅबवर करणार असाल तर १:४ चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), २५ ते ४० मिमी. उतार-चढाव भरायला कडिया (गवंडी) सर्रास ७५ मिमी टाकतो, ते थांबवा. २५ मिमी मालाचं वजनच चौरस मीटरला सुमारे ५० किलो होतं. जुन्या चाळीच्या किंवा इमारतीच्या स्लॅबवर तिप्पट ओझं कशाला? खड्डे आदल्या दिवशी वेगळे भरून घ्या. अॅडहेसिव्हच्या जाड थराने लेव्हल काढू नका, तो सुकताना आकसतो आणि टाइलची कड खाली बसते.

बाथरूममध्ये उतार मालातच काढा, मीटरला १० मिमी पुरे.