नव्या मित्रांसोबत परदेशात वाढदिवस? आधी सांगून टाक

अरे, पहिली गोष्ट म्हणजे लपवू नकोस. चार दिवसांच्या ओळखीत कसं सांगायचं असं वाटतं खरं, पण आदल्या दिवशी नाश्त्याला बसलेले असताना सहज बोलून टाक, "उद्या माझा वाढदिवस आहे, संध्याकाळी कुठेतरी जेवायला जाऊया का?" बास, एवढंच, लोक खरंच खूश होतात आणि पुढचं तेच ठरवतात.

पैशाचं मात्र आधीच क्लियर कर. काही देशांत वाढदिवस ज्याचा त्यानेच सगळ्यांचं बिल द्यायचं असतं, जर्मनीत बऱ्याचदा असंच, आणि काही ठिकाणी बाकीचे मिळून त्याचं देतात, मग बिल आलं की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. आणि हो, जर्मन मित्र असेल तर त्याच्याकडून आदल्या दिवशी शुभेच्छांची अपेक्षा नको, तिकडे ते अशुभ मानतात.

हॉस्टेलच्या रूममध्ये मेणबत्त्या अजिबात नको, स्मोक अलार्म वाजला तर अख्खी बिल्डिंग खाली येते, केक बाहेरच कापा.

वेळेच्या फरकामुळे घरी रात्रीचे १२ तुझ्याआधी किंवा नंतर वाजणार, त्यामुळे कॉलची वेळ आधीच ठरव आणि त्या अर्ध्या तासात ग्रुपपासून बाजूला हो, कुणी वाईट वाटून घेत नाही.