आर.ई.एम. हा रॉक बँड २०११ मध्ये का थांबला? त्यांचे शेवटच्या काळातले अल्बम ऐकण्यासारखे आहेत का?

भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी असलेला करार संपत आला होता, उरलेल्या तिघांनी आपसात ठरवलं आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी तसं जाहीर करून टाकलं. पण माझ्यासारख्या चाहत्याला विचाराल तर या बँडचा निकाल १९९७ मध्येच लागला होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्रमर बिल बेरी बाहेर पडला.

आता ड्रमर गेला तर एवढं काय बिघडलं, दुसरा आणायचा, असं कुणीही म्हणेल. इथे ते जमणारं नव्हतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात १९८० मध्ये हे चौघं जमले. गिटारवाला पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि गायक मायकेल स्टाइप तिथे येणारा गिऱ्हाईक. माइक मिल्स आणि बेरी तर शाळेपासूनचे सोबती. गाणं कुणालाही सुचो, श्रेय चौघांच्या नावावर. आणि कुठलाही मोठा निर्णय चौघांचा होकार असेल तरच. असं ठरवणारे बँड पुष्कळ असतील, पैसा आल्यावरही पाळणारे फार थोडे.

१९८३ मध्ये 'मर्मर' आला. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने जग डोक्यावर घेतलं होतं, त्याच वर्षी रोलिंग स्टोन मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. स्टाइप काय गातोय ते त्यात धड कळत नाही. (आपलं इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे, तिकडच्यांनाही कळत नाही.) मग जवळपास दरवर्षी एक अल्बम, गाडीतून गावोगाव फिरणं, आणि हळूहळू वाढत गेलेला श्रोता.

आपल्याकडे बहुतेकांना हा बँड कळला तो केबलवर, १९९१ च्या 'लूझिंग माय रिलिजन'मुळे. रॉकच्या गाण्यात पुढे वाजतंय काय, तर मँडोलिन! बक ते वाद्य नुकतंच शिकत होता. व्हिडिओ केला होता जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंगने, त्यामुळे त्यात ख्रिस्ती संतांबरोबर आपल्या कॅलेंडरवरचे वाटावेत असे देवही दिसतात.

पुढच्याच वर्षीचा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हे माझ्या मते त्यांचं शिखर. मरण, म्हातारपण, निरोप असे विषय, आणि तरीही लाखोंनी खपलेला. त्यातलं 'एव्हरीबडी हर्ट्स' मुख्यतः बेरीचं, पण त्यातला ठेका मात्र ड्रम मशीनचा आहे. ड्रमरनेच गाणं आणावं आणि त्यात ड्रम वाजवायचा हट्ट धरू नये! व्हायोलिन-चेलोची रचना लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सची.

१ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या कार्यक्रमात वाजवता वाजवता बेरीचं डोकं असह्य ठणकायला लागलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, काही आठवड्यांत पुन्हा ड्रमवर बसलाही. पण दौऱ्यांतलं त्याचं मन उडालं. चौघांपैकी एक गेला तर बँड बंद, असं त्यांचं पूर्वी बोलणं झालेलं होतं. त्यावर बेरीचं म्हणणं असं की माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही. तिघांनी शब्द दिला, आणि हा शेती करायला मोकळा झाला.

तो शब्द तिघांनी पुढे चौदा वर्षं पाळला. 'अप' (१९९८) हा चाचपडणारा, तासाहून लांब अल्बम. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, मला मात्र तो फार जवळचा आहे. माणूस गेल्यावर घरात जे अवघडलेपण येतं ते त्यात ऐकू येतं. 'रिव्हील' गोड आहे. 'अराउंड द सन' (२००४) सोडून द्या, घासून घासून त्यातला जीवच गेलाय. खुद्द बकही त्यावर खूश नव्हता. त्यातून बाहेर पडायला त्यांनी २००७ मध्ये डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरात प्रेक्षकांसमोर नवी गाणी तालीम म्हणून वाजवली आणि जेमतेम ३५ मिनिटांचा 'अ‍ॅक्सेलरेट' केला. शेवटचा 'कोलॅप्स इंटू नाऊ' बरा आहे, मुखपृष्ठावर स्टाइप हात हलवतोय. निरोपच होता तो, आम्हालाच कळला नाही.

त्यानंतर कोट्यवधींच्या पुनर्मीलन दौऱ्याच्या फंदात ते पडले नाहीत. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघांनी मिळून एक गाणं मात्र वाजवलं, बेरीसकट.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर 'ऑटोमॅटिक'पासून सुरू करा, मग 'मर्मर', आणि थेट 'अप'. 'शायनी हॅपी पीपल' लागलं तर पुढे ढकला. ते गाणं स्टाइपलाही फारसं आवडत नाही.