रेल्वेत नोकरी करू की रेल्वेभोवतीच्या जमिनीचा अभ्यास?

उरण तालुक्यातून बारावी सायन्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. आजोबांची शेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात गेली, आता लोकल सुरू झाली, स्टेशनच्या आसपास टॉवरचे बोर्ड लागले, आणि गावात वाढत्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरावर मात्र अनधिकृतचा शिक्का आहे. तिचा प्रश्न असा, "मॅडम, हे सगळं नेमकं कोण ठरवतं आणि ते शिकायचं असेल तर कुठला कोर्स करायचा? बाबा म्हणतात रेल्वेची परीक्षा दे आणि सेटल हो."

अगं, आधी बाबांचं बोलू. रेल्वेची नोकरी चांगलीच आहे, पगार वेळेवर, पास, मेडिकल, आणि ज्या घराची जमीन गेली त्या घराला खात्रीचा पगार हवासा वाटणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तुझा प्रश्न वेगळा आहे. रेल्वे भरतीच्या एनटीपीसी या परीक्षेतून तू स्टेशन मास्तर किंवा क्लार्क होशील, म्हणजे गाडी नीट चालवायचं काम करशील, आणि ते काम मोठंच आहे, पण स्टेशनच्या बाहेर काय उभं राहणार, कुठे किती मजले, कुठे शाळा आणि कुठे पार्किंग, हे तिथे ठरत नाही. ते ठरतं नियोजन प्राधिकरणात, विकास आराखड्यात, एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्याच्या नियमात. या विषयाला नगररचना म्हणतात, आणि त्यातला तुझ्या कामाचा भाग म्हणजे वाहतूक आणि जमीन वापराचं नियोजन.

तुझ्याच घरासमोरचं उदाहरण घेऊ. सिडको स्थापन झाली मार्च १९७० मध्ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि इंजिनीअर शिरीष पटेल यांनी त्याआधी मांडलं होतं की मुंबई उत्तरेकडेच लांबत चाललीय, खाडीपलीकडे नवीन शहर वसवा आणि सरकारी कार्यालयं तिकडे न्या म्हणजे नोकऱ्याही जातील. झालं काय, तर सरकारने दक्षिण मुंबईत समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंट उभं केलं आणि मंत्रालय तिथेच राहिलं. नवी मुंबईत सेक्टर आखले, रस्ते झाले, खाडीवर पूलही झाला, पण ऑफिसं पलीकडे आणि लोकल नाही म्हटल्यावर सामान्य माणूस राहायला येणार कसा? मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली ती १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोनंतर बावीस वर्षांनी, आणि मग वाशी, नेरूळ, बेलापूर भराभर भरत गेलं.

आता यातला पैशाचा भाग नीट समजून घे, कारण तुझं करिअर इथेच आहे. त्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने केला आणि ३३ टक्के रेल्वेने. उरणच्या लाइनलाही हेच प्रमाण. सिडकोकडे एवढा पैसा कुठून? तर जमिनीतून. संपादन केलेली जमीन, त्यावर प्लॉट पाडायचे, रेल्वे येणार म्हटल्यावर भाव वाढतो, तो वाढलेला भाव प्लॉट विकून वसूल करायचा आणि त्यातून रेल्वे बांधायची. वाशी आणि बेलापूरची स्टेशनं बघ, वरती आणि बाजूला ऑफिसं आहेत. कोर्समध्ये याला लँड व्हॅल्यू कॅप्चर म्हणतील. जपानमध्ये हे १९१० पासून चालू आहे, ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो नावाच्या माणसाने रेल्वे टाकताना कडेची जमीन आधीच घेऊन ठेवली, घरं हप्त्यांवर विकली, आणि पुढे १९२९ मध्ये उमेदा टर्मिनसला डिपार्टमेंट स्टोअर काढलं, म्हणजे तिकिटाचे पैसे, घराचे पैसे, खरेदीचे पैसे सगळे एकाच कंपनीकडे.

आर्थिकदृष्ट्या कल्पना उत्तमच आहे, मी तर म्हणेन रेल्वे बांधायची यापेक्षा बरी पद्धत क्वचितच सापडेल. पण वाढलेला भाव मिळाला कुणाला, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा विषय शिकूच नये असं माझं ठाम मत आहे. ९५ गावांची जमीन गेली. भाव मिळाला संपादनाच्या वेळचा, आणि वाढ झाली त्यानंतर. म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, हे मी तुला काय सांगणार, तुमच्या घराघरात माहीत आहे. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत, आणि त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापून हातात पावणेनऊ टक्के. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, मिठागरात राबणारे, दुसऱ्याच्या शेतावर जाणारे, त्यांच्या वाट्याला फारच कमी आलं. आणि गावठाणं वेळेत वाढवली नाहीत म्हणून गरजेपोटी बांधलेली घरं अनधिकृत ठरली. तुमच्या घरावरचा शिक्का तिथून आलाय बघ. लोक सेक्टरमध्ये मोजले पण गावातली वाढणारी कुटुंबं मोजली नाहीत, हा नियोजनातला दोष आहे, तुमच्या घरच्यांचा नाही.

उलटी चूकही होते, म्हणजे रेल्वे आधीपासून असते पण जमिनीचा वापर बदलताना तिचा हिशेब होत नाही, आणि ती चूक जीव घेते. लोअर परळ-प्रभादेवीच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, १९९१ च्या नियमात तिथल्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली. गिरणी कामगार चाळीतून चालत कामाला जायचा, ऑफिसवाले लोकलने येतात, म्हणजे जमिनीचा वापर बदलला आणि सगळा भार स्टेशनवर आला, पण जिने आणि पूल जुन्याच मापाचे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस होता, गर्दी थांबली होती, हे खरंच, पण एवढी गर्दी त्या अरुंद पुलावर यायला लावणारे निर्णय कित्येक वर्षं आधी कागदावर झाले होते. जमिनीची परवानगी देणारं ऑफिस आणि पूल बांधणारं ऑफिस वेगळं, दोघांना एका टेबलावर बसवून हिशेब करणारा माणूस लागतो, तो म्हणजे ट्रान्सपोर्ट प्लॅनर.

आता कोर्स. बारावीला मॅथ्स आहे ना तुला, मग बी. प्लॅनिंग, चार वर्षं. त्यासाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यायचा, नेहमीचा इंजिनीअरिंगचा पेपर वेगळा असतो, फॉर्म भरताना नीट बघ, दरवर्षी मुलं इथे घोळ करतात. त्यात मॅथ्स, अॅप्टिट्यूड आणि प्लॅनिंगवरचे प्रश्न असतात. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहेत, ते आधी बघ. नाही जमलं तर सिव्हिल इंजिनीअरिंग करून, किंवा भूगोल-अर्थशास्त्रात एमए करून मास्टर्स इन प्लॅनिंगला जाता येतं, आयआयटी खरगपूर आणि रुरकीलाही हे कोर्स आहेत, त्यामुळे एक दार बंद झालं म्हणून रडायचं नाही. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालयही आहे, पण तिथला भर वाहतूक आणि लॉजिस्टिक्सवर जास्त आहे, तुझा ओढा जमिनीकडे आहे.

नोकऱ्यांचं खरं सांगते. जागा थोड्या असतात. राज्याच्या नगररचना विभागात एमपीएससीतून सहायक नगररचनाकार होता येतं, सिडको आणि मुंबई महानगर प्रदेशाचं प्राधिकरण एमएमआरडीए स्वतःची भरती काढतात, महापालिका आहेत, रेल्वेच्या जमिनींचा विकास करणारं वेगळं प्राधिकरण आहे, आणि खाजगी कन्सल्टन्सी. कन्सल्टन्सीत सुरुवातीचा पगार इंजिनीअर मैत्रिणीपेक्षा कमी वाटू शकतो, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र, चांगलं येत असेल तर फरक पडतो, त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आत्तापासून हात बसव. आणि बाबांना हे जरूर सांग की बी. प्लॅनिंग ही पदवीच आहे, त्यानंतरही वयात असेपर्यंत एनटीपीसीच्या पदवीधर जागांना बसता येतं, म्हणजे त्यांचा रस्ता बंद होत नाही.

सुट्टीत एक कर. उरण स्टेशनपासून दहा मिनिटं चालत काय काय आहे ते नकाशावर मांड, मग सिडकोच्या विकास आराखड्यात तिथे काय दाखवलंय ते शेजारी ठेव, आणि आजोबांना विचार त्या जागी आधी काय होतं, भात की मिठागर. हे तीन कागद घेऊन मला परत लिही, मग आपण कॉलेजची यादी फायनल करू. शासकीय गट क च्या भरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण असतं, तर घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढलाय का आणि काका-आत्याच्या मुलांपैकी कुणी तो आधीच वापरलाय का, तेही याच सुट्टीत विचारून घे.