स्वस्त गाव की स्टेशनजवळचं लहान घर? स्टुटगार्टला निघालेल्या कुटुंबाला उत्तर

प्रश्न: मी ३७ वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो. चाकणच्या नोकरीनंतर आता जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगनमधल्या कंपनीत वर्षाला ६६,००० युरोंची ऑफर आली आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा नोकरी-निवास परवाना). १ ऑगस्टला रुजू व्हायचं आहे. पत्नी (बी.कॉम., पेरोलमध्ये सात वर्षांचा अनुभव) आणि साडेतीन वर्षांची मुलगी नोव्हेंबरमध्ये येतील. तीन घरं डोळ्यांसमोर आहेत: स्टुटगार्ट शहरात ६८ चौरस मीटर, भाडं १,२५० युरो, ब्योब्लिंगनला ७५ चौरस मीटर, १,०८० युरो, आणि नागोल्डच्या पुढच्या एका गावात ९५ चौरस मीटर, ८३० युरो. मित्र म्हणतो, गावात राहा, पैसे वाचतील. दुसरं, कोथरूडचा फ्लॅट (किंमत साधारण ९५ लाख, कर्ज २२ लाख बाकी) विकून तिकडेच घर घ्यावं का?

उत्तर:

नमस्कार. नवीन नोकरीबद्दल अभिनंदन.

तुमच्या मूळ पत्रात पगार, भाडं, फ्लॅट यांचे आकडे नीट दिले आहेत, पण पत्नीच्या नोकरीबद्दल एकच वाक्य आहे: ‘ती तिथे गेल्यावर बघेल काहीतरी.’ माझ्या मते घर कुठे घ्यायचं हे त्याच वाक्यावरून ठरवायला हवं. भाड्यातला फरक महिन्याला दोनशे-अडीचशे युरोंचा आहे. त्यांची नोकरी होणं न होणं याचा फरक त्याच्या चौपट-पाचपट आहे, आणि तो दर वर्षी वाढत जाणारा आहे.

आधी हातात काय पडेल ते पाहू. ६६,००० म्हणजे महिन्याला ५,५०० युरो. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा यांचे तुमच्या वाट्याचे हप्ते मिळून अकराशे-साडेअकराशे युरो जातील. पत्नी तिथे येऊन नोंदणी होईपर्यंत तुमचा कर पहिल्या वर्गात, म्हणजे एकट्या माणसाच्या दराने कापला जाईल आणि साधारण ३,४०० युरो मिळतील. त्या आल्या की तिसरा वर्ग, म्हणजे जोडीदार कमावत नसताना कमी कर कापणारा, मागून घ्या. मग ३,८०० च्या आसपास. शिवाय मुलीसाठी सरकारकडून २५९ युरो बालभत्ता. पत्नी कमावत नाहीत तोपर्यंत त्यांचा आणि मुलीचा सरकारी आरोग्य विमा तुमच्याच हप्त्यात चालतो. थोडक्यात, एका पगारात घर चालेल. ओढाताण होणार नाही, पण फार मोठी शिल्लकही पडणार नाही.

आता भाडं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते ‘काल्ट’, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे सगळं मिळवल्यावर होतं ते ‘वार्म’, आणि खात्यातून जाते ती ही रक्कम. घर मोठं तर हीटिंग जास्त. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातींवरून गावातलं घर ८३० अधिक २९०, म्हणजे १,१२० ला पडतं; ब्योब्लिंगनचं १,०८० अधिक २३०, म्हणजे १,३१० ला. वरवर २५० चा दिसणारा फरक १९० वर आला. वीज आणि इंटरनेट दोन्हीकडे वेगळं.

आता त्या गावातून कामावर कसे जाणार ते बघा. बसच्या वेळा तुम्हीच लिहिल्या आहेत: दिवसा तासाला एक, रात्री आठनंतर नाही, रविवारी दोन. म्हणजे गाडी घ्यावीच लागेल. जुनी गाडी घेतली तरी विमा, इंधन, दुरुस्ती आणि दर वर्षी उतरणारी किंमत धरून महिन्याला ४०० युरो मी कमीत कमी धरतो. नव्याने आलेल्या माणसाला विम्यात सवलतीचा इतिहास नसतो, त्यामुळे पहिली काही वर्षं हप्ता चढाच असतो. १,१२० अधिक ४०० म्हणजे १,५२०. ब्योब्लिंगनला १,३१० अधिक दोघांची डॉइचलांड-तिकिटं, प्रत्येकी ६३ युरो, म्हणजे १,४३६. या तिकिटावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि साध्या गाड्या चालतात. बऱ्याच कंपन्या त्यातला काही भाग उचलतात, हे एचआरला विचाराच. तेव्हा स्वस्त म्हणून सुचवलेलं गाव प्रत्यक्षात महाग पडतं, आणि यात अजून पत्नीचा हिशेब धरलेलाच नाही.

लायसन्सचाही प्रश्न आहे. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं. भारताचं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलची फी, तासिका आणि परीक्षा यांचा खर्च हजार युरोंच्या पुढे सहज जातो. तुम्ही पास व्हाल. पण सकाळी गाडी तुम्ही घेऊन गेलात की पत्नी आणि मुलगी संध्याकाळपर्यंत त्या गावातच. जर्मन भाषेचा वर्ग, मुलांचे डॉक्टर, नोकरीची मुलाखत, सगळं त्या तासाच्या बसवर.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करण्याची परवानगी असते, भाषेच्या परीक्षेची अटही नसते. हा फार मोठा हक्क आहे आणि आपल्याकडची कुटुंबं तो वाया घालवताना मी पाहतो. पेरोलचं काम येणारं माणूस जर्मनीत हवंच असतं. मात्र तिथले कर आणि विम्याचे नियम वेगळे, आणि कागदपत्रं जर्मनमध्ये. तेव्हा वर्ष-दीड वर्ष भाषा आणि मग अर्धवेळ नोकरी, असं धरून चला. अर्धवेळ कामाचे कापणीआधी १,७०० युरो मिळाले, तरी विम्याचे हप्ते आणि तुमच्या एकत्रित उत्पन्नावर वाढणारा कर वजा जाता घरात ९०० ते ९५० युरो येतात. शिवाय त्यांच्या स्वतःच्या नावावर जर्मन पेन्शनचे महिने जमू लागतात. त्या पेन्शनसाठी किमान ६० महिन्यांचा भरणा लागतो. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पुढे परत आलात तरी ती वर्षं वाया जात नाहीत.

म्हणून माझं मत ब्योब्लिंगनच्या बाजूने आहे. एस-बानची एस-१ ही लोकल तिथून स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनला सुमारे २५ मिनिटांत जाते. तुमचं काम ब्योब्लिंगनमध्येच, त्यांना नोकरी स्टुटगार्ट शहरात लागली तरी हाताशी. प्रौढांसाठी महापालिकांची फोल्क्सहोखशूले ही शिक्षणसंस्था असते, तिथले जर्मनचे वर्ग वाजवी दरात असतात. ब्योब्लिंगनला मनासारखं घर मिळालं नाही तर त्याच एस-१ वर हेरेनबर्गपर्यंत शोधा. स्टेशनपासून पायी दहा-बारा मिनिटांच्या आत, ही एक अट सोडू नका. स्टुटगार्ट शहरातलं घर वाईट नाही, पण वार्म १,४६० म्हणजे तुमच्या हातातल्या पगाराच्या ३८ टक्के. घरमालक भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे का, हे पाहतात. तुमच्या आधी दुसऱ्याला पसंती मिळण्याची शक्यता जास्त.

मुलीच्या बालवाडीचं मात्र घराच्याही आधी बघा. मुलाला एक वर्ष पूर्ण झाल्यापासून जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, तरी जागा कमी पडतात. बर्लिनमध्ये बालवाडीची फी माफ आहे. तुमच्या राज्यात, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, ती प्रत्येक गाव आपापली ठरवतं. फीपेक्षा वेळ विचारा. बऱ्याच बालवाड्या दुपारी दीड-दोनला सुटतात. पूर्ण दिवसाच्या जागा थोड्या आणि लहान गावांत आणखी थोड्या. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे मूल रुळेपर्यंत आई किंवा वडिलांपैकी एकाने तिथे थांबायचं असतं. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, आई बाहेरच्या खोलीत बसलेली, असं हळूहळू. म्हणजे नोव्हेंबरमध्ये आल्यावर त्यांचा भाषेचा वर्ग साधारण जानेवारी-फेब्रुवारीआधी सुरू होणार नाही. त्यांनी पुण्यातच आता ए-१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, सुरू करावी. जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन पुण्यात आहेच, आणि हे चार महिने नंतर फार उपयोगी पडतील. तुम्हीही बसा: ब्लू कार्डवर कायमचा परवाना ए-१ असेल तर २७ महिन्यांनी आणि बी-१ (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो.

इथून घर पक्कं करून जाऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर तुम्ही एकटेच आहात. ब्योब्लिंगनमध्ये सामानासकट मिळणारी खोली घ्या आणि तिथे पत्त्याची नोंदणी करू देतील हे आधी लेखी विचारून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. ते अडलं की करक्रमांकापासून पुढचं सगळं अडतं. ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी पोस्टाने येईल’ असं सांगणारा माणूस फसवणारा समजा. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. अजून एक: तिथे रिकाम्या घरात अनेकदा स्वयंपाकघरही नसतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, सगळं भाडेकरूने आणायचं. जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेलं आहे का, हे पाहा. नसेल तर दोन-तीन हजार युरो बाजूला ठेवा.

हे सगळं धरून पहिल्या सहा महिन्यांसाठी १२,००० युरो हाताशी असू द्या. हिशेबाला सोपं म्हणून १०० रुपये दर धरला तर बारा लाख. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलं तर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) लागत नाही. त्यापुढे अशा कामासाठी २० टक्के कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पैसे नेमके गरजेच्या वेळी अडकतात. म्हणून थोडी रक्कम तुमच्या नावाने आणि थोडी पत्नीच्या नावाने न्या.

फ्लॅट विकू नका, आणि पहिली दोन वर्षं तिकडे घर घेऊ नका. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये घर घेताना ५ टक्के खरेदी कर, त्यावर नोटरी आणि नोंदणीचे दीड-दोन टक्के, दलाल असेल तर त्याच्या कमिशनचा तुमचा वाटा साधारण ३.५७ टक्के. साडेचार लाख युरोंच्या घरावर ४५,००० च्या आसपास फक्त वरखर्च. नोकरीचे पहिले सहा महिने सहसा परिवीक्षेचे असतात आणि तोवर बँक कर्जाला तयार होत नाही. गाव आवडेल की नाही, पत्नीची नोकरी कुठे लागेल, मुलगी कुठल्या शाळेत जाईल, यातलं काहीच माहीत नसताना इतका खर्च करण्यात अर्थ नाही.

इकडच्या बाजूने अडचण अशी की तुम्ही १ ऑगस्टला नोकरीसाठी देश सोडता, म्हणजे या आर्थिक वर्षात १८२ दिवसही भारतात नसाल. त्यामुळे प्राप्तिकराच्या दृष्टीने पूर्ण वर्ष तुम्ही अनिवासी. जुलैमध्ये फ्लॅट विकला तरीही अनिवासीच. जुन्या घरावर महागाई निर्देशांक लावून २० टक्के कर भरण्याचा पर्याय फक्त निवासींना आहे. तुम्हाला सरळ १२.५ टक्के. फ्लॅट २०१६ मध्ये ५८ लाखांना घेतला असं लिहिलंय, तेव्हा ३७ लाखांच्या नफ्यावर साडेचार लाखांच्या वर कर होतो.

भाड्याने द्या, पण हे समजून घ्या. ३०,००० भाडं आणि २४,००० हप्ता, म्हणजे घर स्वतःचं कर्ज फेडतं, असा तुमचा हिशेब आहे. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. ३०,००० मधले ९,३६० गेले की खात्यात २०,६४० येतात आणि दर महिन्याला ३,३६० रुपये तुम्हाला खिशातून भरावे लागतात. प्रत्यक्षात तुमचा कर इतका नसेल: वर्षाच्या ३ लाख ६० हजारांतून ३० टक्के वजावट आणि कर्जाचं व्याज गेलं की उत्पन्न चार लाखांच्या मूळ सवलतीच्या बरंच खाली राहतं. विवरणपत्र भरून सगळा टीडीएस परत मिळतो. किंवा टीडीएस कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आधीच घेता येतं. बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) बदलून घ्या, भाडं तिथेच येऊ दे. पीपीएफ बंद करायची गरज नाही, मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं.

कर्जाचं यंदाचं व्याज प्रमाणपत्र आणि भाडेकराराचा मसुदा मला पाठवा, म्हणजे कमी टीडीएसच्या प्रमाणपत्राच्या अर्जासाठी आकडे काढून देतो. अर्ज जुलैच्या आत गेलेला बरा, आणि ब्योब्लिंगनच्या पालिकेकडे मुलीचं नाव या आठवड्यातच नोंदवता येतं का, ते आधी पाहा.